वाहतूक प्रकल्पांतील लोकसहभाग

वाहतूक प्रकल्पांतील लोकसहभाग म्हणजे रस्ते, महामार्ग, लोहमार्ग, मेट्रो, पूल, बंदरे, बससेवा, पदपथ इत्यादी वाहतूक सुविधांचे नियोजन, आखणी, बांधकाम व देखभाल यांविषयीच्या निर्णयांत त्या निर्णयांचा परिणाम भोगणाऱ्या लोकांना सामील करून घेण्याची प्रक्रिया होय. प्रकल्पाची माहिती वेळेवर आणि समजेल अशा भाषेत देणे, लोकांची मते व स्थानिक ज्ञान गोळा करणे, त्यांचा निर्णयात विचार करणे आणि कोणती सूचना स्वीकारली वा का नाकारली हे कळवणे, हे या प्रक्रियेचे चार मुख्य भाग आहेत. हे काम प्रकल्पाच्या अन्य कामांप्रमाणेच आधी आखावे लागते. त्यासाठी तयार केलेल्या लेखी आराखड्यास लोकसहभाग आराखडा असे म्हणतात.

## स्वरूप व गरज

वाहतूक प्रकल्पाचे लाभ आणि तोटे बहुधा एकाच माणसाच्या वाट्याला येत नाहीत. दोन शहरांमधील प्रवासाचा वेळ कमी झाल्याचा लाभ दूरच्या प्रवाशाला मिळतो. मात्र ज्याच्या शेताचे दोन तुकडे झाले, ज्याची विहीर रस्त्याच्या पलीकडे राहिली किंवा ज्याचे दुकान रुंदीकरणात गेले, त्याला केवळ तोटाच सोसावा लागतो. बाजारपेठेतील वस्तूप्रमाणे रस्ता नाकारण्याची सोय व्यक्तीला नसते. सार्वजनिक हितासाठी शासन सक्तीने जमीन घेऊ शकते. अशा वेळी बाधित व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळणे हा नैसर्गिक न्यायाचा भाग मानला जातो.

दुसरे कारण ज्ञानाचे आहे. सर्वेक्षणाच्या नकाशावर जमिनीची उंची, नदीनाले व बांधकामे दिसतात. पण पावसाळ्यात पाणी कोठून कोठे जाते, शाळेतली मुले कोणत्या जागी रस्ता ओलांडतात, आठवडी बाजाराच्या दिवशी गाड्या कोठे थांबतात, गुरे कोणत्या वाटेने चरायला जातात, हे तेथे राहणाऱ्यांनाच ठाऊक असते. मोरी चुकीच्या जागी बांधली गेली की तिचे परिणाम पहिल्याच पावसात दिसतात. ती जागा आधी विचारून घेण्यास लागणारा खर्च मात्र अगदी किरकोळ असतो.

तिसरे कारण व्यवहाराचे आहे. आखणी निश्चित झाल्यावर, निविदा निघाल्यावर किंवा बांधकाम सुरू झाल्यावर उद्भवणारा विरोध न्यायालयीन स्थगिती, फेरआखणी आणि वाढीव खर्च यांच्या रूपाने प्रकल्पाला महाग पडतो.

## इतिहास

### अमेरिकेची संयुक्त संस्थाने

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत महामार्ग बांधणीने वेग घेतला. १९५० च्या संघीय महामार्ग साहाय्य कायद्याने शहरातून वा गावाजवळून जाणाऱ्या महामार्गासाठी जनसुनावणी घेण्याची अट घातली आणि १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या जाळ्यासाठी मोठा निधी उपलब्ध करून दिला. मात्र या सुनावण्यांत बहुधा ठरलेला मार्ग लोकांना सांगितला जाई. शहरांमधून जाणाऱ्या अनेक महामार्गांची आखणी गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांवरून झाली. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरात रोंडो ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती अशा महामार्गाने दुभंगली.

याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या नागरी चळवळींना महामार्गविरोधी उठाव असे म्हटले जाते. १९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने नियोजित द्रुतगती मार्गांपैकी बहुसंख्य मार्ग रद्द केले. न्यूयॉर्कमध्ये लोअर मॅनहॅटन द्रुतगती मार्गाविरुद्धच्या लढ्यात लेखिका जेन जेकब्स अग्रभागी होत्या. टेनेसी राज्यातील मेंफिस शहरात ओव्हरटन पार्क या उद्यानातून जाणाऱ्या महामार्गाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७१ मध्ये न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने निकाल दिला. शेजारच्या कॅनडात त्याच वर्षी टोरांटोतील स्पॅडाइना द्रुतगती मार्गाचे काम प्रांतिक शासनाने थांबवले.

बॉस्टनचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. तेथे नैर्ऋत्य द्रुतगती मार्गासाठी घरे पाडून जागा मोकळी करण्याचे काम बरेच पुढे गेले होते. विरोध वाढल्यावर मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी १९७० मध्ये महानगराच्या आतील भागातील बहुतेक महामार्गांची कामे थांबवली आणि सर्व पर्यायांचा फेरविचार करण्यासाठी तज्ज्ञ, स्थानिक शासन व नागरिक यांचा सहभाग असलेली प्रक्रिया सुरू केली. फेरविचारानंतर महामार्ग रद्द झाला. १९७३ च्या संघीय कायद्याने महामार्गाचा निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळवण्याची मुभा दिली. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात लोहमार्ग व त्यालगत उद्यान उभे राहिले आणि १९८७ मध्ये ऑरेंज लाइन ही सेवा नव्या मार्गावरून धावू लागली. तथापि पाडलेली घरे परत उभी राहिली नाहीत. सहभागाची वेळ चुकली तर काय गमवावे लागते, हे दाखवण्यासाठी हे उदाहरण दिले जाते.

या अनुभवांतून कायदे बदलत गेले. १९६२ च्या कायद्याने ५० हजारांहून अधिक लोकवस्तीच्या नागरी क्षेत्रांत सतत, सर्वंकष व सहकार्याने चालणारे वाहतूक नियोजन बंधनकारक केले. १९६९ मध्ये मार्ग निवडण्यापूर्वी एक आणि रचना निश्चित करण्यापूर्वी दुसरी, अशा दोन सुनावण्यांचा नियम आला. १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर स्वाक्षरी झाली व पर्यायांचा अभ्यास जाहीरपणे मांडणे आवश्यक ठरले. १९९१ च्या भूपृष्ठ वाहतूक कायद्याने लोकसहभाग नियोजनाच्या आरंभापासून आणि अखंड असावा, असे तत्त्व घालून दिले. आज तेथील महानगर नियोजन संस्थांना स्वतंत्र सहभाग आराखडा करावा लागतो आणि तो मंजूर करण्यापूर्वी किमान ४५ दिवस लोकांच्या अभिप्रायासाठी खुला ठेवावा लागतो.

### युरोप

ब्रिटनमध्ये आर्थर स्केफिंग्टन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६९ मध्ये नियोजनातील लोकसहभागाविषयी अहवाल दिला. फ्रान्सने १९९५ च्या बार्निए कायद्याने राष्ट्रीय सार्वजनिक चर्चा आयोग स्थापन केला. मोठ्या प्रकल्पांवरील जाहीर चर्चा हा आयोग घडवून आणतो. १९९८ मध्ये डेन्मार्कमधील आर्हुस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पर्यावरणविषयक माहिती मिळवणे, निर्णयप्रक्रियेत भाग घेणे आणि न्याय मागणे हे तीन अधिकार मान्य केले. हा करार २००१ मध्ये अमलात आला.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे गर्दीच्या वेळी वाहनांवर आकारायच्या शुल्काबाबत वेगळा मार्ग अवलंबला गेला. जानेवारी ते जुलै २००६ या काळात शुल्क प्रायोगिक स्वरूपात लावण्यात आले आणि सप्टेंबर २००६ मध्ये सार्वमत घेण्यात आले. शहरातील बहुमत शुल्काच्या बाजूने पडले, तर मतदान घेणाऱ्या बहुतेक शेजारी नगरपालिकांत कौल विरुद्ध गेला. ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झाले. अनुभव आधी आणि कौल नंतर, ही या प्रयोगाची विशेषता होती. त्याचबरोबर ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, शहरात राहणारे की शहरात येणारे, हा प्रश्नही त्यातून पुढे आला.

## सहभागाच्या पातळ्या

अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांना केवळ वळवून घेण्याचे दोन प्रकार आहेत. त्यांना आर्नस्टीन सहभाग मानत नाहीत. मधल्या तीन पायऱ्या म्हणजे माहिती देणे, मत विचारणे आणि मनधरणी करणे. यांत लोकांना बोलता येते, पण त्यांचे ऐकले जाईलच याची हमी नसते. वरच्या तीन पायऱ्या भागीदारी, अधिकारांचे हस्तांतरण आणि नागरिकांचे नियंत्रण या असून त्यांत निर्णयाची सत्ता खरोखर वाटली जाते.

पुढे आंतरराष्ट्रीय लोकसहभाग संघटनेने पाच पातळ्यांची मांडणी केली : माहिती देणे, सल्ला घेणे, सामील करणे, सहकार्याने ठरवणे आणि निर्णय सोपवणे. प्रत्येक कामासाठी सर्वांत वरचीच पातळी हवी असा या मांडणीचा आग्रह नाही. खड्डे बुजवण्यासाठी रस्ता दोन दिवस बंद ठेवायचा असेल तर माहिती पुरेशी असते. गावाचे दोन भाग करणाऱ्या महामार्गासाठी ती पुरत नाही. कोणत्या पातळीचे आश्वासन दिले आहे हे आधी सांगणे आणि ते पाळणे महत्त्वाचे असते.

## लोकसहभागाचे नियोजन

### निर्णयाची निश्चिती

आराखड्याची सुरुवात सभेच्या तारखेपासून होत नाही. काय ठरलेले आहे, काय अजून ठरायचे आहे, ते कोण ठरवणार आणि केव्हा, या प्रश्नांची उत्तरे प्रथम लिहून काढावी लागतात. एखाद्या उड्डाणपुलाबाबत पूल हवा की नको हा प्रश्न खुला आहे, की केवळ उतारमार्गाची जागा खुली आहे, हे स्पष्ट नसेल तर लोक एका प्रश्नावर बोलतात आणि अधिकारी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतात.

### संबंधित घटकांची यादी

जमीनमालक, कुळे, भाडेकरू, शेतमजूर, दुकानदार, फेरीवाले, रिक्षाचालक, मच्छीमार, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग व्यक्ती, बसचे प्रवासी, पायी चालणारे, मालवाहतूकदार, स्थानिक स्वराज्य संस्था अशा घटकांची यादी केली जाते. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला नोटीस पोहोचते. त्याच जमिनीवर मजुरी करणाऱ्याला मात्र ती मिळत नाही; म्हणून कागदावर न दिसणारे घटक शोधणे हा या टप्प्याचा गाभा असतो. रस्ता रुंद झाल्यावर तो ओलांडावा लागणारी मुले आणि वृद्ध यांचाही अशाच न दिसणाऱ्यांत समावेश होतो.

### वेळ, स्थळ व भाषा

सभेची वेळ लोकांच्या दिनक्रमाशी जुळणारी असावी लागते. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता ठेवलेल्या सभेला रोजंदारीवरचा माणूस मजुरी बुडवूनच येऊ शकतो. पेरणी व सुगीचे दिवस, मासेमारीचा हंगाम, परीक्षा आणि सण टाळावे लागतात. तालुक्याच्या ठिकाणापेक्षा गावातील शाळा, समाजमंदिर किंवा ग्रामपंचायत कार्यालय सोयीचे ठरते. कागदपत्रे लोकांच्या भाषेत असणे आवश्यक आहे. केवळ शब्दशः अनुवाद पुरेसा नसतो. ‘संरेखन’, ‘छेदनस्थान’, ‘भूसंपादन रुंदी’ अशा संज्ञा नकाशावर बोट ठेवून समजावून द्याव्या लागतात.

### साधने

सहभागासाठी वापरली जाणारी प्रमुख साधने पुढीलप्रमाणे आहेत :

- जाहीर सूचना : वृत्तपत्र, ग्रामपंचायतीचा फलक, दवंडी, ध्वनिक्षेपक, भ्रमणध्वनीवरील संदेश.
- नकाशा प्रदर्शन : गाव नकाशावर गट क्रमांकांसह आखणी दाखवून लोकांना आपापल्या सोयीने पाहू देणे व तेथेच अभियंत्यास प्रश्न विचारू देणे.
- शिवारफेरी : अभियंते व ग्रामस्थांनी प्रत्यक्ष आखणीवरून एकत्र चालणे. पाण्याचे प्रवाह, पायवाटा व बांध यांची नोंद यात होते.
- गटचर्चा : महिला, फेरीवाले, विद्यार्थी अशा गटांशी स्वतंत्र बोलणे. मोठ्या सभेत न बोलणारे लोक छोट्या गटात बोलतात.
- पाहणी : प्रवाशांची प्रश्नावली, बसथांब्यावरील मुलाखती.
- सल्लागार समिती : विविध घटकांच्या प्रतिनिधींची ठरावीक काळाने भेटणारी समिती.
- तात्पुरता प्रयोग : पदपथ वा चौकाची नवी रचना रंग, खांब व कुंड्या वापरून काही दिवस करून पाहणे.
- जनसुनावणी : कायद्याने विहित केलेली औपचारिक सुनावणी.

एकच साधन वापरल्यास एकाच प्रकारचे लोक पुढे येतात. आंतरजालावरील प्रश्नावली भरणारे आणि ग्रामसभेत बोलणारे लोक सहसा वेगळे असतात. म्हणून साधनांची जोड घातली जाते.

### नोंद व उत्तर

आलेली प्रत्येक हरकत वा सूचना नोंदवणे, विषयानुसार तिचे वर्गीकरण करणे आणि तीवर काय कार्यवाही झाली ते जाहीर करणे, हा नियोजनाचा सर्वाधिक दुर्लक्षित टप्पा आहे. सूचना, तिच्यामागील कारण, प्रकल्प यंत्रणेचे उत्तर व आराखड्यात झालेला बदल अशा चार रकान्यांचा तक्ता यासाठी उपयोगी ठरतो. नकारही कारणांसह कळवला तर पुढील सभेला लोक येतात. उत्तरच न मिळाल्यास पुढच्या वेळी सभागृह रिकामे राहते किंवा तेथे केवळ घोषणा ऐकू येतात.

## भारतातील कायदेशीर चौकट

भारतात वाहतूक प्रकल्पांतील लोकसहभागासाठी एकच सर्वसमावेशक कायदा नाही. वेगवेगळ्या कायद्यांत त्याच्या तरतुदी विखुरलेल्या आहेत.

पर्यावरणीय आघात मूल्यांकन : केंद्र शासनाने १९९४ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत १९९७ च्या दुरुस्तीने जनसुनावणीची तरतूद झाली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने तिची कार्यपद्धती सविस्तर ठरवली. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ सुनावणीचे आयोजन करते. किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश इंग्रजी व स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. सुनावणीचे अध्यक्षस्थान जिल्हाधिकारी वा त्यांचे प्रतिनिधी भूषवतात, कामकाजाचे चित्रीकरण होते आणि उपस्थित झालेल्या मुद्द्यांचे निवेदन स्थानिक भाषेत वाचून दाखवले जाते. गणसंख्येची अट नाही. मात्र सुनावणीच्या मंचाला निर्णयाचा अधिकार नसतो. मुद्दे तज्ज्ञ समितीपुढे जातात. लोहमार्ग या अधिसूचनेच्या अनुसूचीत नाहीत. जादा जमीन न घेता होणारे रस्त्यांचे विस्तारीकरणही जनसुनावणीतून वगळलेले आहे.

राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ : जमीन घेण्याच्या उद्देशाची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आत त्या जमिनीत हितसंबंध असलेली व्यक्ती लेखी हरकत घेऊ शकते. सक्षम प्राधिकारी सुनावणी घेऊन हरकत मान्य वा अमान्य करतो आणि त्याचा आदेश अंतिम असतो. ज्यांची जमीन जात नाही, पण ज्यांच्या जगण्यावर रस्त्याचा परिणाम होतो, त्यांना या तरतुदीचा फारसा उपयोग होत नाही.

भूसंपादन कायदा, २०१३ : भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहतीविषयीच्या या कायद्याने सामाजिक आघात मूल्यांकन आणि बाधित क्षेत्रातील जनसुनावणी बंधनकारक केली. खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के, तर सार्वजनिक–खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरवली. तथापि राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे व मेट्रो यांच्या भूसंपादनाचे कायदे या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. १ जानेवारी २०१५ पासून भरपाई व पुनर्वसनाच्या तरतुदी त्यांना लागू झाल्या. सामाजिक आघात मूल्यांकन व संमती यांच्या मात्र नाहीत. परिणामी ज्या प्रकल्पांना लांबच लांब पट्ट्यात जमीन लागते, त्यांतील अनेक प्रकल्प सहभागाच्या सर्वांत सविस्तर तरतुदींबाहेर राहतात.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ : शहराच्या विकास आराखड्यात रस्त्यांची आरक्षणे व रुंदी ठरते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर विहित मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात आणि नियोजन समिती हरकतदारांची सुनावणी घेते.

अन्य तरतुदी : १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रांत भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी वा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथ्या कलमानुसार लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधनकारक आहे.

आंतरराष्ट्रीय कर्जावर चालणाऱ्या प्रकल्पांना कर्जदात्या संस्थेचे नियमही लागू होतात. जागतिक बँकेच्या ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या चौकटीत संबंधित घटकांच्या सहभागाचा लेखी आराखडा ही स्वतंत्र अट आहे.

## निवडक उदाहरणे

### कोकण रेल्वे, गोवा

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० मध्ये झाली. गोव्यातून जाणारी आखणी दाट वस्ती, वारसास्थळे आणि भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली खाजन शेते यांना बाधक ठरेल, मार्ग पूर्वेकडील भागातून न्यावा, अशी मागणी पुढे आली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये याविषयीची याचिका फेटाळली. विरोध चालूच राहिल्याने १९९३ मध्ये वादग्रस्त टप्प्यातील काम थांबवून निवृत्त न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली. अखेरीस लोहमार्ग मूळ आखणीच्या जवळपासच राहिला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली. पर्यायी मार्गांची जाहीर तुलना आखणी निश्चित होण्यापूर्वी झाली असती तर वाद कोणत्या वळणाने गेला असता, हा प्रश्न या उदाहरणाने अभ्यासकांपुढे ठेवला आहे.

### मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प

उपनगरी रेल्वे व रस्ते यांच्या सुधारणेसाठी जागतिक बँकेने २००२ मध्ये या प्रकल्पाला कर्ज मंजूर केले. त्यासाठी सुमारे १ लाख २० हजार लोकांचे स्थलांतर अपेक्षित होते. रुळांलगतच्या झोपड्यांची गणना आणि स्थलांतराचे काम यांत स्पार्क, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन व महिला मिलन या संस्थांचा सहभाग होता. वस्तीतील लोकांनीच आपली मोजणी करण्याची ही पद्धत देशाबाहेरही चर्चिली गेली.

याच प्रकल्पातील सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्याच्या बाबतीत चित्र वेगळे होते. तेथील दुकानदार व रहिवाशांच्या गटांनी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी नेल्या. पुरेशी माहिती न मिळणे, पुनर्वसनाच्या जागेची निवड आणि मोठ्या जागेत व्यवसाय करणाऱ्यांचे उत्पन्न बुडणे हे त्यांतील प्रमुख मुद्दे होते. मंडळाचा अहवाल डिसेंबर २००५ मध्ये आला. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांचा निधी थांबवला आणि सुधारणांनंतर जून २००६ च्या अखेरीस तो पुन्हा सुरू केला. एका घटकाला लागू पडलेली सहभागाची पद्धत त्याच प्रकल्पातील दुसऱ्या घटकाला लागू पडेलच असे नाही, हे या प्रकल्पाने दाखवून दिले.

### मुंबई सागरी किनारा मार्ग

प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे–वरळी सागरी सेतूच्या वरळीकडील टोकापर्यंतच्या या मार्गाचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाच्या किनारा नियमन क्षेत्रविषयक परवानग्या रद्द केल्या. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिल्याने काम पुन्हा सुरू झाले. वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांचा आक्षेप नेमका होता : समुद्रातील पुलाच्या खांबांमध्ये ठेवलेले ६० मीटरचे अंतर वारा व लाटांच्या परिस्थितीत होड्यांच्या ये-जा करण्यास अपुरे आहे. दीर्घ आंदोलनानंतर हे अंतर १२० मीटर करण्याचे महापालिकेने मान्य केले. होडी कशी वळते याचे ज्ञान ज्यांच्याकडे होते, त्यांचे म्हणणे आराखड्यात उतरले ते बांधकाम सुरू झाल्यानंतर.

### बंगळूर व दिल्ली

बंगळूरमध्ये बसवेश्वर चौक ते हेब्बाळ या सुमारे ६.७ किलोमीटरच्या पोलादी उड्डाणपुलाविरुद्ध ऑक्टोबर २०१६ मध्ये नागरिकांनी मानवी साखळी केली. झाडांची तोड, खर्च व विचारविनिमयाचा अभाव हे आक्षेप होते. मार्च २०१७ मध्ये राज्य शासनाने प्रकल्प रद्द केला.

दिल्लीतील आंबेडकर नगर ते मूलचंद या बस मार्गिकेची कथा उलट आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या या मार्गिकेविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली. तरीही पुढे शासनाने मार्गिका मोडून टाकली. मोटारचालकांची नाराजी वृत्तपत्रांतून ठळकपणे मांडली गेली, तर बसने जाणाऱ्यांचा आवाज त्या मानाने क्षीण राहिला. मोठा आवाज म्हणजे बहुसंख्यांचा आवाज असतोच असे नाही, यासाठी हे उदाहरण सांगितले जाते.

## मर्यादा व टीका

लोकसहभागावर दोन बाजूंनी टीका होते. एका बाजूचे म्हणणे असे की त्यामुळे आवश्यक प्रकल्प रेंगाळतात, थोड्या लोकांचा विरोध अनेकांची सोय अडवून धरतो आणि तांत्रिक प्रश्न मतांवर सोडवले जातात. सुरक्षिततेची मानके, पुलाची भारक्षमता किंवा वळणाची त्रिज्या या गोष्टी सभेत ठरवता येत नाहीत, हे खरे आहे.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप असा की प्रत्यक्षात सहभाग केवळ औपचारिकता म्हणून उरकला जातो. सूचना आतल्या पानावर बारीक अक्षरात छापली जाते, मूळ अहवाल इंग्रजीत असतो, सुनावणी येते तोवर आखणी ठरलेली असते आणि हरकती ‘नोंद घेण्यात आली’ या शेऱ्यासह निकाली निघतात. गावातही सर्वांना सारखे बोलता येत नाही. जमीन, जात व लिंग यांनी ठरलेली उतरंड सभेतही उतरते. रस्त्याची खबर आधी लागलेल्यांनी जमिनी घेऊन ठेवण्याचा धोकाही असतो. त्यामुळे माहिती केव्हा व किती खुली करावी, हा प्रश्न यंत्रणांपुढे कायम राहतो. मात्र माहिती दडवल्याने हा धोका टळत नाही. ती मोजक्याच लोकांकडे राहते, एवढेच घडते.

## मूल्यमापन

सहभाग यशस्वी झाला का, हे उपस्थितांच्या संख्येवरून ठरत नाही. मूल्यमापनासाठी सामान्यतः पुढील प्रश्न विचारले जातात : बाधित घटकांपैकी कोणापर्यंत पोहोचता आले नाही? माहिती मिळाली तेव्हा निर्णय खुला होता का? कोणत्या सूचनेमुळे आराखड्यात काय बदलले? नाकारलेल्या सूचनांची कारणे संबंधितांना कळवली का? दिलेली आश्वासने – सेवारस्ता, भुयारी मार्ग, मोरी, झाडे – बांधकाम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्षात दिसतात का? यांतील शेवटच्या प्रश्नामुळे लोकसहभागाचे काम रस्त्याच्या उद्घाटनाने संपत नाही. रस्ता वापरात आल्यानंतरही काही काळ तक्रार निवारणाची व पाहणीची व्यवस्था चालू ठेवावी लागते.

## हेही पाहा

- जनसुनावणी
- पर्यावरणीय आघात मूल्यांकन
- ग्रामसभा
- भूसंपादन
- नगररचना
- कोकण रेल्वे